मॅनेज केलेले धोंडे

लातुरातल्या एका कॉलेजात हेडक्लार्क असलेल्या रेणुकादासांना इंग्रजी फार येत होतं असं नाही. पण मॅनेज हे एकच क्रियापद त्यांनी असं पोसलं होतं, की बाकीच्यांची गरजच पडत नसे. साहेबाचा राग मॅनेज करायचा म्हणजे गप्प बसायचं. एसटीत जागा मॅनेज करायची म्हणजे खिडकीतून रुमाल टाकायचा. आमटी खारट झाली, की मॅनेज म्हणजे तांब्याभर पाणी. (ती खाणं मात्र घरच्यांनी मॅनेज करायचं.)

यंदा अधिक महिना आला. लेक श्रद्धाच्या लग्नानंतरचा हा पहिलाच, तेव्हा नांदेडला राहणारा जावई श्रीनाथ, त्याला धोंड्याचं जेवायला बोलावणं आलंच. रेणुकादासांनी थाटात रविवार देऊन टाकला. मग बायकोनं, कुसुमनं, आठवण करून दिली, की त्याच रविवारी कंधारला तिच्या आईनं यांनाही धोंड्याला बोलावलंय आणि यांनीच हो म्हटलंय.

"आता काय करणार हाव?"

"मॅनेज केलं," रेणुकादास म्हणाले. पोरांना परस्पर कंधारलाच बोलवायचं. स्वयंपाक सासूबाईंचा, दोन्ही जावई एका पंगतीत, आपला गॅस बंद. कुसुम म्हणाली, मॅनेजचा खरा अर्थ तिला आत्ता कळला: आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात.

खरं तर रेणुकादासांचा जीव कंधारच्या पाटात अडकला होता. ऑफिसात ते साहेबाचे हेडक्लार्क, घरात कुसुमचे. तीन वर्षांतून एकदा त्या पाटावर मात्र ते साक्षात विष्णू असत. समोर चांदीचं ताट, त्यात अनारसे, वर दिवा, आणि तो आग्रह. त्या आग्रहासाठी ते सकाळपासून उपाशी होते.

कंधारला पाट मांडलेले दिसताच ते पहिल्यावर जाऊन बसले. सासूबाई मथुराबाई निरांजन घेऊन आल्या आणि थबकल्या.

"जावईबापू, मुलीचा बाप जावयाच्या पंगतीला बसतो का?"

आपला जावई सोबत आणला, की आपलं जावईपण उंबऱ्याबाहेर राहतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते उठले. श्रीनाथशेजारी श्रद्धा बसली. वाढायला घरात पुरुष नव्हता. मेव्हणा नायगावला त्याच्या सासुरवाडीत विष्णू होऊन बसला होता.

"आई, दोन्ही जावई मॅनेज झाले असते की," त्यांनी एकदा म्हणून पाहिलं.

"मॅनेज करायला तुम्ही हाव की. धरा ते तूप."

उकाडा मरणाचा, त्यात लाइट गेलेली. रेणुकादासांनी सदरा काढला, खांद्यावर टॉवेल टाकला आणि वाढायला घेतलं. मुलीच्या बापानं आग्रह करायचा असतो. श्रीनाथ भिडस्त पोरगा, त्याला नाही म्हणता येत नव्हतं. प्रत्येक आग्रहासरशी आपल्या वाटचा धोंडा निघालाय हे रेणुकादासांना दिसत होतं, तरी आवाज गोडच ठेवावा लागत होता. ते बसले तेव्हा वरणभात उरला होता. अनारशांचं ताट श्रीनाथच्या गाडीत गेलं. रेणुकादासांना अगदी रडू आलं.

संध्याकाळी श्रद्धानं स्टेटसला फोटो टाकला. तिच्या नव्या शेजारणीनं लगेच विचारलं, तो मागचा बनियनवाला वाढपी कुठला, त्यांच्याकडं पुढच्या रविवारी धोंडे आहेत. श्रद्धानं हसत तो मेसेज आईला पाठवला.

कुसुमनं रेणुकादासांचा नंबर दिला आणि खाली लिहिलं, "माणूस खात्रीचा हाय. जेवण द्यावं लागत न्हाई."