सुकलाल आप्पांचा तोटा

तोटा झाला की पेढे वाटणारा माणूस मी एकच पाहिलाय. आमचे सुकलाल आप्पा, एसटीचे रिटायर्ड कंडक्टर. विसरवाडीला रस्त्यालगत माझं इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून द्यायचं ऑफिस आहे. जुलै लागला की लोक तिथं तोंड पाडून येतात. आप्पा मात्र नवरदेवासारखे येतात. "ताई, यंदा भी तोटा शे! पेढा ले."

शेअर विकून झालेला तोटा रिटर्नमध्ये वेळेत दाखवला तर आठ वर्षं पुढे नेता येतो, आणि मधे कधी नफा झालाच तर त्यातून वजा होतो, एवढंच मी त्यांना एकदा सांगितलं होतं. जन्मभर पॅसेंजरांना 'पुढे सरका' म्हणणाऱ्या माणसाला हे फारच पटलं. तेव्हापासून पालुपद एकच, "तोटा सोडाना नही!"

मग काय विचारता! शेळी मेली, "हाई भी लिखी ले." साडूच्या लग्नघरी दिलेला आहेर परत फिरला नाही, तोही लिहायला सांगितला. मी कपाळावर हात मारला. एकदा शेजारच्या खुर्चीवर कापडवाले शेठ नफ्यावरचा टॅक्स ऐकून घाम पुसत बसले होते. आप्पांना कणव आली. "शेठ, मन्हा तोटा उसना ली जा. फुडला साले वापस करी दे!" वाटीभर साखर द्यावी तसं! आणि शेठही आशेनं माझ्याकडे बघायला लागले. दोघांनाही झापलं मी.

यंदा मार्चमध्ये मात्र आप्पा गप्प आले. पत्रे काढून स्लॅब टाकायचा म्हणून त्यांनी हायवेजवळचा प्लॉट विकला होता. झाला ना नफा! आजवर पुढे नेलेले तोटे चिल्लरच; ते वजा करूनही उरलेला टॅक्स भरला तर स्लॅब अर्ध्या घरावरच पडणार होता. मी त्यांचं शेअरचं खातं उघडलं आणि एकदम खूश झाले. पंख्याच्या एका कंपनीचे शेअर पार रसातळाला गेलेले.

"आप्पा, नशीब काढलंत! महिना संपायच्या आत हे विका. तोटा प्लॉटच्या नफ्यातून वजा होईल, टॅक्स बराच हलका होईल."

"त्या विकाना नही."

"अहो, तोटा सोडायचा नाही म्हणता ना?"

"त्या कमलनी लिधा व्हतात."

कमलकाकू म्हणजे त्यांची बायको. दोन वर्षांपूर्वी गेल्या. वर्षानुवर्षं मिरच्यांचे देठ खुडून जमवलेल्या पैशांतून त्यांनी आयुष्यात एकदाच शेअर घेतले. घरातला पंखा त्याच कंपनीचा होता आणि कधी बिघडला नव्हता, म्हणून. त्यांच्यामागे ते आप्पांच्या नावावर आले.

मला चीड आली. "काकू असत्या तर त्यांनीच विकायला लावले असते. मायेवर काही स्लॅब पडत नाही, आप्पा!"

आप्पा ओशाळून हसले. "खरं शे तुन्हं, ताई. पन ती दवाखानामा भी सकायले पयले हाईच इचारे, मन्हा शेअरना भाव काय शे? आते भी मी चा मांडस आन तिले भाव सांगस. विकी टाका तं उद्या सकायले तिले काय सांगू?"

मी ते खातं बंद केलं आणि अख्ख्या टॅक्सचं चलन भरायला घेतलं.