पेनड्राइव्ह नको म्हणजे नको

"पेनड्राइव्हला मी हात लावणार नाही," परीक्षा केंद्रात संगणकांच्या कामावर नव्याने आलेल्या बाई म्हणाल्या. समोर चाळीस कोरे संगणक होते आणि उद्या सकाळी त्यांच्यावर परीक्षा. "चाळीस जणांपुढे चाळीसदा कोण वाकणार? बसवायचं सगळं सॉफ्टवेअर त्या कोपऱ्यातल्या सर्व्हरवर ठेवते. बटण दाबलं की जो तो नेटवर्कवरून घेईल आणि आपलं आपण बसवेल."

"बारा वर्षं वाकतोय मी," पेनड्राइव्हकाका म्हणाले. पेनड्राइव्ह गळ्यात दोरीला अडकवून फिरायचे, म्हणून हे नाव. "काही बिघडलं नाही."

"कंबर बिघडली ना."

साहेबांनी वाद तोडला. "पाचला बघायला येतो. झालं नसेल तर बाई, तुम्ही परत प्रिंटरच्या खोलीत."

त्या खोलीत बाईंनी दोन वर्षं शाईची डबडी हलवली होती. तिथे परत जाण्यापेक्षा घरी बसेन, असं त्यांनी सासूबाईंनाही ऐकवलं होतं.

तीनला बटणं दाबली. वीस मिनिटांत चाळीसही संगणकांचं काम फत्ते. ते बंद होऊन पुन्हा सुरू झाले आणि पहिल्यापासून बसवायला लागले. बाईंनीच त्यांना बजावलं होतं, सुरू झालात की आधी नेटवर्कला विचारा. ते आज्ञाधारकपणे विचारत होते आणि सर्व्हर उदार मनाने पुन्हा सगळं देत होता.

चार वाजता चौथी फेरी सुरू झाली.

"पेनड्राइव्ह काढायचा राहिला की माझंही अस्संच व्हायचं," काका म्हणाले. "मी तो उपटून घेतो. तू काय उपटणार?"

"काही नाही."

"मग एकेकाची सेटिंग बदल."

"म्हणजे चाळीसदा वाकू? गेले उडत." बाई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

पाचला पाच मिनिटं कमी असताना साहेब हजर. सहावी फेरी संपत आली होती. चाळीस पडद्यांवर चाळीस पट्ट्या एका चालीने सरकत होत्या.

"कोणी हात न लावता?" साहेबांनी विचारलं.

"हो तर," बाई ताठ मानेने म्हणाल्या. आणखी चार मिनिटांनी आपण प्रिंटरच्या खोलीत असू, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

फेरी संपली, पुन्हा सुरू व्हायला पडदे काळे झाले. तेवढ्यात काका सावकाश कोपऱ्यात गेले, कमरेवर हात ठेवून वाकले आणि सर्व्हरची वायर उपटली. एकच.

चाळीस संगणकांनी नेटवर्कला हाका मारल्या, कोणी ओ देईना, म्हणून निमूटपणे स्वतःच्याच पोटातलं सुरू केलं. चाळीस पडदे निळेशार झाले.

"वा! यापुढे हीच पद्धत," साहेब म्हणाले आणि गेले.

वायर हातात धरून काका बाईंकडे बघत राहिले. "बारा वर्षं चाळीसदा वाकलो गं. एकदाच वाकून भागतं?"

"भागतं," बाई म्हणाल्या. "पण पेनड्राइव्ह नको म्हणजे नको."

काकांनी गळ्यातली दोरी काढून खिशात टाकली. वायर मात्र सोडली नाही.