घोडा चांगल्या स्थितीत

संध्याकाळी प्रदर्शन उघडायचं होतं आणि दुपारी भिंतींवर फक्त खिळे उरले होते.

वासंती शाळेत चित्रकला शिकवायची. अमेरिकेतल्या ब्लॅकफीट जमातीच्या एका चित्रकाराची चित्रं एका पाहुण्या प्रोफेसरांनी तिच्या हवाली केली होती. जशीच्या तशी परत करीन, असा शब्द तिने दिला होता. जागा मिळाली फ्रीगंजातल्या एका सरकारी कचेरीत. मध्य भारताचं राज्य उद्या संपून नवा मध्य प्रदेश सुरू व्हायचा होता, म्हणून कचेरीचं सगळं दप्तर भोपाळला निघालं होतं आणि दिवाणखाना रिकामा होता. दप्तर बांधायचं काम हेडक्लार्क भय्यासाहेबांकडे, म्हणजे वासंतीच्या सासऱ्यांकडे होतं.

ती आत धावली. भय्यासाहेब कापडात बांधलेल्या कागदांच्या शेवटच्या बस्त्याच्या गाठीवर लाख ओतत होते.

"भय्यासाहेब, माझी चित्रं?"

"चित्रं कुठली? कुणीतरी हिशेबाची पानं टांगली होती. रकाने, आकडे, खाली सही. सरकारी रेकॉर्ड खिळ्यावर? उतरवून बांधली मी."

"अहो, त्यांवर घोडे होते."

"होते ना. रेकॉर्डवर लोक काय वाट्टेल ते काढतात. आपल्या कारकून प्रभाकरने कॅशबुकात साहेबांचं नाक काढलंय. ते पण भोपाळला चाललंय."

वासंतीने कपाळाला हात लावला. "त्या लोकांचा मुलूख गेला, रानगवे संपले. आधी कातड्यावर चित्रं काढायचे, मग गोऱ्यांनी टाकलेल्या हिशेबाच्या पानांवर काढू लागले. हा चित्रकार आजही तशीच जुनी पानं शोधून त्यांवर चित्रं काढतो."

भय्यासाहेबांचं ग्वाल्हेर संस्थान आधीच गेलं होतं आणि मध्य भारत उद्या जायचा होता. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"मग खोला ना बस्ता," वासंती म्हणाली.

"मोहोर लागली. आता नव्या राज्याचा अधिकारीच खोलणार."

"तो कुठे असतो?"

"आज नसतो. उद्यापासून असेल."

"दुसरा काहीच रस्ता नाही?"

"आहे की. पान खराब असेल तर ते रेकॉर्ड राहत नाही. शेरा मारून बाहेर काढता येतं."

"मारा मग. लिहा, घोडा काढल्याने पान खराब."

भय्यासाहेबांनी टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. शाईचा थेंब टेबलावर पडला.

"सूनबाई, तो निळा घोडा मी बांधताना पाहिला. एक पाय जमिनीला नाही. आकड्यांमधून असा चाललाय, जसं काही कमरेइतकं गवत आहे. त्याला खराब लिहू? माझ्याने नाही होणार."

"म्हणजे तुम्हाला आवडला, म्हणून तो भोपाळला जाणार."

"नियमच तसा आहे. क्या करें."

बाहेर लॉरीवाला भोंगा वाजवत होता. टावर चौकातून लोक येऊ लागले होते, आणि त्यांत ते प्रोफेसरही होते. वासंती नुसती खिळ्यांकडे पाहत राहिली. भय्यासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि एका दमात लिहिलं: 'घोड्याच्या अंगावर कोणीतरी हिशेब लिहिल्याचे आढळले. सबब हिशेब बाद. घोडा चांगल्या स्थितीत.'

आणि स्वतःच्या हाताने लाख फोडली.

लोक गप्पा मारत आत आले आणि निळ्या घोड्यासमोर गप्प झाले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी दाराशी चपलांचा ढीग झाला. लॉरीवाला भांडायला म्हणून आत आला. तोही चप्पल काढून उभा राहिला. दप्तर त्या दिवशी उशिरा निघालं. चित्रं मात्र जशीच्या तशी प्रोफेसरांना परत गेली.

शेरा दप्तरासोबत भोपाळला पोचला होता. काही दिवसांनी तिथून पत्र आलं: 'आपल्या शेऱ्यात उल्लेखिलेला घोडा दप्तरासोबत मिळाला नाही. तात्काळ पाठवावा. चाऱ्याची तजवीज झाली आहे.'

"आता काय उत्तर देणार?" वासंतीने विचारलं.

"उत्तर कशाला? मागितलाय, तर पाठवायला पाहिजे."

भय्यासाहेबांनी एक रद्दी हिशेबाचं पान काढलं, निळी पेन्सिल घेतली आणि अख्खी दुपार मान वर केली नाही. पाय काही केल्या जमिनीवरून उचलले जाईनात. सरकारी घोडा होता. त्यांनी तसाच पाठवला.

भोपाळहून पोच आली: 'घोडा मिळाला. चांगल्या स्थितीत.'