दोन पायांचा बगळा

आमच्या बिल्डिंगमधले अंबादासकाका येमूल हातात वस्तू घेऊन चालत नाहीत. हात मोकळे असले की तरातरा चालतात. सत्तरी उलटली असं सांगूनही खरं वाटू नये. पण हातात साधी कोथिंबिरीची जुडी आली की जागच्या जागी खिळतात. एक पाय जमिनीत रोवायचा, त्याच्यावरच गर्रकन फिरायचं आणि ओरडायचं, "वाघमारे, घ्या!" वाघमारे म्हणजे मी. मी काय घ्यायचं ते कळायच्या आत जुडी माझ्या छातीवर आदळलेली असते.

मग मी ती जिन्यात दिसेल त्याच्याकडे फेकायची, त्यानं पुढच्या मजल्यावरच्याकडे. जुळे सोलापुरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये काकांची भाजी अशी हवेतून घरी जाते. टोमॅटो शक्यतो आणत नाहीत.

याला कारण नेटबॉल. हा इंग्लंडकडच्या पोरींचा खेळ आहे आणि त्याचे तीन नियम आता आमच्या बिल्डिंगमध्ये तान्ह्या पोरालाही माहीत आहेत. बॉल हातात असताना चालायचं नाही. तीन सेकंदांच्या वर तो धरून ठेवायचा नाही. आणि ज्याला मैदानाचा जो पट्टा नेमून दिलाय त्यानं तो सोडायचा नाही. हे नियम ज्यांच्यासाठी केले त्या पोरी ते खेळापुरते पाळत असतील. काका जन्मभरासाठी पाळतात.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमननी "मला इथं असं सांगावंसं वाटतं की" अशी सुरुवात केली की मागून आवाज येतो, "तीन सेकंद झाले ओ, सोडा!" खरं सांगायचं तर आमच्या मीटिंगा त्यामुळं लवकर संपतात.

खेळाचं वेड एकवेळ समजू शकतो. पण काकांना वेड एकाच टीमचं. हॅझलबरी हेरन्स नावाची ही टीम, आणि हेरन म्हणजे बगळा. त्यामुळं काका त्यांना "आपले बगळे" म्हणतात, आणि खेळाडूंना "आपल्या पोरी". त्यांची इंग्रजी नावं तोंडात मावत नाहीत म्हणून काकांनी घरातली नावं ठेवलीत. उंच गोलकीपर ती अक्का. गोल टाकणारी ठेंगणी ती चिन्नी. चिन्नी बाळंतपणाला गेली त्या वर्षी टीम सारखी हरत होती, तर काका बीपी तपासायला गेले. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" काका म्हणाले, "पुढं माणूस न्हाय ओ. बॉल जातोय, पण टाकायचा कुणी?" डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली.

टीमचा इतिहास तर त्यांना तोंडपाठ. भवानी पेठेतल्या न्हाव्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांनी तो ऐकलाय. "म्हंजे बघा, सुरुवातीला पोरी एका शाळेच्या हॉलमधी खेळायच्या. वरचं छत गळायचं. पाणी पुसून खेळायचं आन हरायचं. रोज हरायचं! कोचबाई घरी जाऊन रडायची." कोचबाई रडली हे काकांना कुणी सांगितलं, असं आम्ही विचारत नाही. एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, "रडली असंल की ओ. आपुन रडलो नसतो का?"

मागे माझ्या मुलीचा साखरपुडा झाला. गच्चीवर पंगत होती आणि वाढपाची जबाबदारी काकांनी मागून घेतली. मी हो म्हणालो, इथं माझं चुकलं. सकाळी वर जाऊन पाहतो तर गच्चीवर खडूनं तीन पट्टे आखलेले, आणि प्रत्येक वाढप्याच्या छातीवर, नेटबॉलच्या पोरींना असतं तसं, जागेचं अक्षर टाचणीनं लावलेलं. वरणवाला मधल्या पट्ट्यात. भाकरीवाला पाण्याच्या टाकीपाशी. आणि शेंगाचटणी होती आमच्या मेहुण्याकडे, अगदी जिन्याच्या बाजूला. व्याही बसले होते नेमके टाकीपाशी.

"जरा चटणी इकडं," व्याही म्हणाले.

"येता येत नाही," मेहुणा लांबून म्हणाला. "माझा पट्टा संपला."

व्याह्यांना वाटलं, मानपानाचं काहीतरी बिनसलं. ते ताट घेऊन स्वतःच उठले. तेवढ्यात तिकडं मधल्या पट्ट्यातून कुणीतरी भाकरी मागितली, भाकरीवाल्यानं हुकूम पाळला आणि जागेवरूनच फेकली. आमच्याकडची कडक भाकरी, ती वाऱ्यावर गेली थेट व्याह्यांकडे. त्यांनी डाव्या हातानं झेलली! सगळी गच्ची ओरडली. व्याही खूश झाले आणि भाकरी हातात धरून दोन पावलं पुढं आले.

काकांनी शिट्टी फुंकली.

"चालायचं न्हाय ओ पाव्हणं! फाउल!"

सोयरीक टिकली, ती केवळ व्याही कॉलेजात खो-खो खेळलेले होते म्हणून. आता ते फोनवर आधी काकांची चौकशी करतात, मग स्वतःच्या सुनेच्या बापाची.

पण सोलापूरच्या माणसाला इंग्लंडातले बगळे भेटले कुठं? ती गोष्ट काका छाती फुगवून सांगतात. काका चिंचोळीला टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन खात्यात होते. त्या टीमची टॉवेलांची ऑर्डर आली, सोबत कागदावर टीमचं चिन्ह. बगळा एका पायावर उभा. काकांनी कागद उलटसुलट पाहिला आणि ठरवलं की छापताना दुसरा पाय उडाला. गिऱ्हाइकाची चूक आपण झाकायची, ही कारखान्याची रीत. काकांनी गुपचूप दुसरा पाय घातला. सगळे टॉवेल विणून, शिवून, बोटीतून गेले.

"मालकानं मला उभा जाळला बघा," काका सांगतात. "बगळा एका पायावरच उभा राहतो, ही अक्कल न्हाय का म्हणून! म्हटलं साहेब, आमच्या पेठेत कुटं बगळे?"

पण तिकडच्या पोरी पोट धरून हसल्या. त्या आठवड्यात नेमकी त्यांनी पहिली मॅच जिंकली. मग शकुन म्हणून त्यांनी दोन पायांचा बगळाच ठेवला, टॉवेलवर, शर्टावर, हॉलच्या दारावर. तेव्हापासून काका त्या टीमच्या इतिहासाचे भागीदार.

या वर्षी मात्र बातमी आली. लीग मोठी करायची म्हणून नव्या, पैसेवाल्या टीमा घेणार, आणि हॅझलबरीला जागा नाही. हंगाम संपला की टीम बंद. मला वाटलं काका आकांडतांडव करतील. तसलं काहीच झालं नाही. एक दिवस भाजीची पिशवी हातात धरून तीन मजले चालत चढले, आणि मी खरंच घाबरलो.

शेवटची मॅच रविवारी संध्याकाळी होती. सुनीता, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "काकांना एकटं बघू देऊ नका." म्हणून आमच्या टीव्हीवर लावली. काय मॅच झाली! अक्कानं हवेत उडी मारून बॉल असा हिसकावला की सुनीता सोफ्यावर चढली. मी पंचाला सोलापुरी शिव्या घातल्या. शेवटच्या क्षणाला चिन्नीनं बॉल टाकला, तो खांबावरच्या लोखंडी कड्यावर थरथरला आणि आत पडला. एका गोलनं जिंकलो! मी आणि सुनीता एकमेकांच्या गळ्यात पडलो, जे आमच्या घरात सणासुदीलाही होत नाही.

काका बसूनच होते.

"काका, जिंकलो की!" मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले. "वाघमारे, तो पाय मी घातला न्हाय."

"कुठला पाय?"

"बगळ्याचा. आमची लक्ष्मी तितंच शिवण खात्यात होती, टॉवेलाचे काठ मारायला. जेवणाच्या सुट्टीत तिला कागद दाखवला. बघून म्हणाली, पापम्." पापम् म्हणजे तेलुगूत बिचारा. "पापम्, एका पायावर किती येळ उभा राहील? दे की त्याला अजून एक. म्हणून दिला."

लक्ष्मीकाकू जाऊन बरीच वर्षं झाली. आम्ही राहायला आलो त्याच्याही आधी.

"दर सोमवारी सकाळी तिच्या फोटोपुढं बसतो," काका म्हणाले. "तुझ्या बगळ्याचं काय झालं ते सांगतो. कोण पडली, कुणाला लागलं, कितीनं हरलो. तेवढाच एक विषय हाय ओ आमच्यात. पोरंबाळं न्हाईत. उद्याचं भागलं, जिंकलो म्हणून सांगतो. पण त्याच्या पुढच्या सोमवारी काय सांगू?"

  सुनीता सोफ्यावरून खाली उतरली आणि डोळे पुसत म्हणाली, "आमची भांडणं सांगा की काकूला. लई होतात आमच्यात. दर सोमवारी सकाळी चहाला यायचं आणि घेऊन जायचं."

काका हसले, आणि हसता हसता रडले.

त्याच्या पुढच्या सोमवारी सकाळी ते खरंच आले. इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हं, बोला. काय झालं या आठवड्यात?"

झाली का पंचाईत! नेमकं त्या आठवड्यात आमचं एकदाही भांडण झालं नव्हतं. मी सुनीताकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं. काका वाट बघत होते. मग तिनं कपबशी आपटली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गॅसचा नंबर लावा म्हणून सांगितलं होतं, लावला का?"

"मला कधी सांगितलंस?" मी आवाज चढवला.

काकांनी खुर्ची पुढं ओढली.