हँग झालेले काका

चित्रकला महाविद्यालयाच्या त्या खोलीत दोन वर्षांनी माणूस बसणार होता, म्हणून वर्गाच्या बाई सकाळपासून एकच खुर्ची पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

साथ ओसरली होती. पण निम्मी मुलं वर्गात आणि निम्मी घरून, असा आदेश होता. प्राचार्यांनी बजावलं होतं, "दोन्हीकडचा वर्ग नीट झाला तर ठीक. नाहीतर या खोलीत कॉम्प्युटर लावू. माणूस समोर बसवायचा हट्ट कशाला? फोटो बघून काढतील मुलं." कॉलेजचा वायरमन तर मापं घ्यायला खिशात टेप घेऊनच फिरत होता.

खुर्चीत बसणारे ते पुतळाकाका. नाव मुलांनी ठेवलेलं. चित्रासाठी बसणं हाच त्यांचा पेशा. दोन वर्षं त्यांच्याकडे कुणी धड बघितलंही नव्हतं. आज ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, बसले, अर्धे मिटलेले डोळे खिडकीच्या कोपऱ्याला लावले आणि झालं. काका संपले, पुतळा उरला.

बाईंनी समोरच्या स्टँडवर मोबाइल लावला. बाजूच्या भिंतीवरच्या पडद्यावर घरी बसलेल्या मुलांच्या चौकटी उमटल्या.

"मॅडम, चित्र अडकलंय," त्यातली चष्मेवाली म्हणाली.

"अडकलं नाही गं. काका बसलेत."

"नाही हो, हँगच आहे. मी बाहेर पडून परत आले, तरी तसंच."

"माझ्याकडे पण हँग," आणखी एक चौकट बोलली.

पोरांची तरी काय चूक? दोन वर्षं त्यांनी तोंड उघडं टाकून गोठलेले शिक्षकच बघितले होते. कुणीतरी ऑफिसात फोन लावला. ऑफिसनं वायरमनला पिटाळलं. त्यानं खुर्चीकडे ढुंकूनही न बघता भिंतीवरच्या डबीचा प्लग उपसला आणि अख्ख्या इमारतीचं नेट गेलं. वरच्या मजल्यावरून विश्वस्तांना ऑनलाइन "आपलं तंत्रज्ञान" असं सांगत असलेले प्राचार्य तिथेच तोंड उघडं टाकून गोठले.

नेट परत आलं. तक्रारही परत आली.

"काका, जरा हात हलवा ना," बाई काकुळतीला आल्या.

"पोज मोडायची नाही, बाई." ओठ हलले नाहीत.

"अहो, खोली जाईल माझी."

"म्हणूनच हलत नाही."

शेवटी बाई स्वतः खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात हलवू लागल्या.

"मॅडम, तुम्ही हलताय," चष्मेवाली म्हणाली. "फक्त काका हँग आहेत."

वर्ग हसत सुटला. काका सोडून. बाईंनी मोबाइल उचलला आणि थेट त्यांच्या छातीशी नेला. "आता कुणी बोलायचं नाही. दुसऱ्या बटणाकडे बघा."

पडद्यावर एक पांढरं बटण. काहीच नाही. मग ते बटण केसभर वर आलं, क्षणभर थांबलं आणि सावकाश खाली गेलं. पुन्हा वर आलं.

"अगं बाई," चष्मेवाली हळूच म्हणाली. "काका श्वास घेतायत."

त्यावर कुणाला हसू आलं नाही. बाईंनी मोबाइल जागेवर ठेवला, आणि खोलीत फक्त पेन्सिलींची खरखर राहिली.

तेवढ्यात प्राचार्य तणतणत आले. मागे वायरमन. पडद्यावरची एकही चौकट हलत नव्हती.

"बघा साहेब, आता पोरंपण हँग," वायरमन म्हणाला आणि प्लगकडे निघाला. बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नका. नीट बघा."

प्राचार्य पडद्याजवळ गेले. एका चौकटीत पेन्सिलीचं टोक सरकलं. दुसरीत एक हात अंदाज घेत हवेत थांबला होता. चष्मेवालीनं ओठ दातांत धरून मान जराशी कलती केली. इतक्या मुलांना एकाच माणसाकडे असं बघताना प्राचार्यांनी कधी पाहिलं नव्हतं. काहीतरी सुनावायला आले होते, ते राहिलंच. चाचपडत त्यांनी काकांच्या शेजारचं स्टूल ओढलं आणि टेकले.

घंटा झाली. काका उठले, कंबर मोकळी केली. प्राचार्यही उठू लागले.

"सर, हलू नका ना," पडद्यावरून चष्मेवाली म्हणाली. "आता तुम्हाला चित्रात घेतलंय. नाक राहिलंय."

प्राचार्य होते तसे थबकले. वायरमननं टेप काढला. "साहेब, कॉम्प्युटरच्या टेबलांची मापं घेऊ?"

काकांसारखी खिडकीच्या कोपऱ्याला लावलेली नजर न हलवता प्राचार्य पुटपुटले, "नंतर. आता हलता येत नाही."

"बोलायचंही नसतं, साहेब," काका म्हणाले.