पंखा आणि उमेदवाराचे केस

ओक बुन-रे या कामगार बाईचे पत्र सचिव माङ ग्यू-सिक यांना थंडीतच आले होते. दक्षिण कोरियातल्या बुसान शहरातल्या एका बूट कारखान्यातल्या कामगार संघटनेचे ते सचिव. "आमच्या डिंकखात्यातला वास ओढून घेणारा पंखा बंद पडलाय. चक्कर येते. मालकांना सांगा," एवढेच पत्रात होते. माङ यांनी उत्तर दिले नाही. इतक्या साध्या मागणीला घाईने उत्तर देणे चळवळीला शोभले नसते.

प्रकरण रीतसर वर गेले. संघटनेने महासंघाला कळवले, महासंघाने पक्षाला. पक्षाने ठरवले की जूनच्या निवडणुकीतले आपले उमेदवार बोंग यांनी कारखान्याच्या फाटकासमोर जाहीर मुंडण करून निषेध नोंदवावा. मुंडणाशिवाय मागणीला वजन येत नाही, हे तिथले शेंबडे पोरही जाणते. अडचण एकच होती. गोदी कामगारांसाठी बोंग यांचे नुकतेच मुंडण झाले होते, आणि डोक्यावर भादरण्याजोगे काही उरले नव्हते.

"जूनपर्यंत फोटोत दिसण्याइतके येतील," बोंग टाळूवरून हात फिरवत म्हणाले. "पण तोवर पंखा दुरुस्त झाला, तर मी डोकं कशासाठी भादरू?"

माङ तडक कारखान्याचे संचालक योम यांच्याकडे गेले.

"बरं झालं आलात," योम म्हणाले. "तो पंखा ना? एक तार सुटलीय. दुपारी माणूस पाठवतो."

माङ यांनी त्यांचा फोनकडे जाणारा हात धरला. "साहेब, असं एकदम मिटवून टाकू नका. कामगारांच्या भावनांचा प्रश्न आहे."

"पण त्यांना चक्कर येतेय ना?"

"येतेय. म्हणून तर लढा आहे."

योम समजूतदार होते. निवडणुकीपर्यंत व्यवस्थापन पंख्याला हात लावणार नाही, असा करार झाला. मालक आणि संघटना यांचे इतके एकमत कारखान्याने कधी पाहिले नव्हते.

पुढे एकदा बुन-रेने माङ यांना जेवणघरात गाठले. "दादा, माझ्या पत्राचं काय झालं?"

"वरपर्यंत गेलंय, ताई."

"वर कशाला? पंखा माझ्या डोक्याशीच आहे. शिडी द्या, मीच बघते."

"भलतंच काही करू नका. आता कानापर्यंत आलेत."

"काय आलेत?"

"बोंगसाहेबांचे केस."

"माझे गळायला लागलेत," बुन-रे वाडगा उचलत म्हणाली. "ते कुठे कळवायचं?"

जूनमध्ये मुंडण थाटात झाले. डिंकखात्यातल्या बायकांना त्यासाठी तासभर बाहेर सोडले होते. कित्येक महिन्यांनी मोकळी हवा मिळाल्याने त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. बोंग निवडून आले. नगरपरिषदेतला त्यांचा पहिलाच ठराव असा, की हा पंखा लढ्याचे स्मारक म्हणून आहे त्या अवस्थेत जतन करावा. पंख्याला लाल फीत बांधली गेली आणि त्याला हात लावण्यास मनाई झाली.

मग मात्र माङ उत्तर लिहायला बसले. "आदरणीय ताई, आपली तक्रार पूर्णपणे यशस्वी झाली आहे. कृपया पंख्याला हात लावू नये. चक्कर आल्यास स्मारकाचा आदर राखून बसावे. सोहळ्याच्या फोटोत आपण टाळ्या वाजवताना दिसता, तीच आपली संमती धरली आहे."

मजकूर त्यांना बरा वाटला. टाळ्या वाजवणारे काही एकाच कारखान्यात नसतात, म्हणून त्यांनी नावाची जागा कोरी ठेवून भरपूर प्रती छापून घेतल्या आणि सगळा गठ्ठा टपालात टाकला. आपली प्रत अजून पोचली नसेल, तर टपालखात्याला दोष देऊ नये; नावे पुष्कळ आहेत.