आबासाहेबांच्या आवाजाची चाळण

मला माणसं वाचता येतात. ही बढाई नव्हे, धंद्याची सवय आहे. बारामतीत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसलं की गिऱ्हाईक पायरी चढतानाच कळतं, याचा रेडिओ आपणहून बिघडलाय की यानं उघडून बिघडवलाय. यातल्या दुसऱ्या प्रकारचा माणूस "मी हात बी लावला न्हाय" असं म्हणत येतो आणि त्याच्या खिशात दोन स्क्रू वाजत असतात!

त्यामुळं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निमगाव केतकीचे आबासाहेब दुकानात शिरले तेव्हा ते बसायच्या आत मी त्यांना वाचून काढलं. पानमळ्याचे मालक, बागायतदारांच्या सोसायटीचे चेअरमन व्हायला निघालेले आणि द्वारकाचे वडील. यातली शेवटची बाब माझ्या दृष्टीनं पहिली होती. द्वारकासाठी माझं स्थळ गेलं होतं आणि उत्तर अडकून बसलं होतं.

आबासाहेबांचा आवाज म्हणजे रिकाम्या टाकीत रेडा डुरकावा तसा. ते बोलले की कपाटातले रेडिओचे काचेचे व्हॉल्व्ह एकमेकांना चिकटायचे!

"जोतीराम, गेल्या साली सभंत काय झालं, ठावं हाय न्हवं?"

सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. गावात वीज नाही. तेलाच्या इंजिनावर डायनामो फिरवायचा आणि त्यावर लाउडस्पीकर चालवायचा. इंजिनाची धडधड आणि आबासाहेबांचं भाषण दोन्ही सारख्याच जाडीनं कर्ण्यातून बाहेर पडलं होतं. कुणाचं कुठलं ते कळेना, तेव्हा लोकांनी पाऊण तास इंजिनाला टाळ्या दिल्या!

"औंदा शेवटच्या रांगंतल्या म्हाताऱ्याला माजा शबूद न् शबूद कळाय पायजे. कळला, तर सभा संपली की तितंच सुपारी फोडू. न्हाय कळला, तर तू दुसरी पोरगी बघ."

"एवढंच ना?" मी म्हणालो. लोक सुखासुखी बुडतात ते असं बोलूनच.

आता हे काम कसं करतात ते सांगतो, घाबरू नका. कंडेन्सर बारीक आवाजाला वाट देतो आणि जाड आवाजाला दारात थोपवतो. किती जाडीपासून थोपवायचं ती रेघ रेझिस्टर ठरवतो; त्याचा आकडा जितका लहान, तितकी रेघ वर, बारीक आवाजाकडं सरकते. या खटाटोपात भला आवाजही अशक्त होतो, म्हणून जोडीला व्हॉल्व्ह बसवायचा. तो जोर देतो आणि त्यातला थोडा आवाज परत मागं पाठवतो, म्हणजे गाळणी आणखी नेमकी होते. हे मी पुण्याच्या रद्दीतल्या एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं. बारामतीत ते वाचलेला मी एकटाच. बाकीच्या पानांत लोकांनी भजी खाल्ली होती.

"पिठाच्या चाळणीगत," मी आईला समजावलं. "इंजिनाचा कोंडा वर राहील, आबासाहेबांचं पीठ खाली पडंल."

आमची आई, ठमाबाई, वाती वळता वळता म्हणाली, "पीठ हाय व्हय त्यांच्यात?"

मी कामाला लागलो. रेझिस्टर रंगावरून वाचायचा असतो. अंगाचा रंग पहिला आकडा, टोकाचा रंग दुसरा, आणि मधला ठिपका म्हणजे पुढं किती शून्यं द्यायची ते. ठिपका नारिंगी असला तर तीन शून्यं, पिवळा असला तर चार. मला पिवळ्या ठिपक्याचे चार हवे होते. एरवी एक शोधायला दुपार जाते, पण त्या दिवशी डबी उघडली आणि चारही एकदम हाताला लागले! देव पाठीशी असला की असं होतं, असं मी तेव्हा समजलो.

तीन आठवडे दुकानाबाहेर पडलो नाही. गाळणीची पेटी तयार झाली तशी माईकसमोर आईला बसवलं. आईचा आवाज असा की शेजारच्या गल्लीतली मांजरं उठून जातात. कर्ण्यातून तो लख्ख आला! मीही बोलून बघणार होतो, पण आईच्या हातात माईक गेल्यावर दुसऱ्याचा नंबर लागत नाही.

सभेच्या दिवशी निमगावात बाजारासारखी गर्दी. चिंचेच्या झाडावर, लोकांकडं तोंड करून, दोन कर्णे बांधलेले. बायकांच्या बाजूला आई, शेजारी आबासाहेबांच्या कारभारीण गोजरबाई आणि खाली मान घालून द्वारका. इंजिन सुरू झालं. कर्ण्यात धडधडीचा मागमूस नाही! मी असा उभा राहिलो, जणू इंजिनाचा शोधही मीच लावला होता.

आबासाहेब उठले, घसा खाकरला आणि छाती फुगवून म्हणाले, "बंधू-भगिनींनो!"

कर्ण्यातून आवाज आला तो काडेपेटीत कोंडलेल्या गांधीलमाशीचा!

लोक आधी आबासाहेबांकडं बघायला लागले, मग झाडाकडं. शेवटच्या रांगेतला म्हातारा गेणबा ओरडला, "आरं, झाडावर कोन बसलंय?"

आबासाहेबांना पत्ता नव्हता. कर्ण्यांची तोंडं पलीकडं, आणि त्यांच्या कानात त्यांचा रेडाच डुरकत होता. ते आणखी जोरात म्हणाले, "पाटाच्या पाण्यासाठी मी छातीचा कोट करीन!"

झाडावरून गांधीलमाशीनं छातीचा कोट केला.

"कोट कशाला, झबलं पुरंल!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळी सभा लोळायला लागली.

आता मात्र आबासाहेबांना संशय आला. त्यांनी मला खुणेनं बोलावलं, माईकवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "काय केलंस रं? माजा आवाज कुटं गेला? दोन मिंटात परत आन, न्हायतर पोरगी इसर!"

हात ठेवल्यानं माईक बंद होत नाही. झाडानं निमगावाला सगळं सांगितलं. बायकांच्या बाजूनं "अगं बया!" झालं. द्वारकाची मान आणखी खाली गेली.

मी झटकन पेटी उघडली. जोडणी बरोबर, व्हॉल्व्ह लाल पेटलेले, रेझिस्टरचे रंग बरोबर! तेवढ्यात कपाळावरचा घाम टपकन एका रेझिस्टरवर पडला आणि पिवळा ठिपका ओघळला. खाली नारिंगी! चार शून्यांच्या जागी तीन. रेघ दहापट वर सरकलेली. इंजिनाबरोबर आबासाहेबांचा निम्माअधिक आवाजही कोंड्यात गेला होता!

"आई!" मी तिथूनच ओरडलो. "माझ्या डबीतल्या सामानाला तू काही लावलंस?"

आई तरातरा माईकपाशी आली. "म्हंजे? खंडेनवमीला हत्यारांची पूजा करत न्हाईत व्हय? मोठ्यांना हळदकुंकू लावलं. ते बारकं रंगीत किडं हायती न्हवं, त्यांना नुसतं हळदीचं बोट. येकेकाला लावलं, कुनाला सोडलं न्हाय!"

हे मात्र कर्ण्यातून खणखणीत गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दोन मिनिटांत नवे रेझिस्टर कुठून आणणार? मी गाळणीच बाजूला काढली आणि माईक सरळ जोडला. आबासाहेब पुन्हा उभे राहिले आणि बोलू लागले. रेडा आला, पण सोबत इंजिन घेऊन! घुर्र धडधड घुर्र! गेल्या सालची सभा पुन्हा सुरू झाली.

आता गेणबा काठी टेकत उभाच राहिला. "ते बारीकच लावा की वो! त्यात निदान कळत हुतं!"

"व्हय, बारीक लावा!" सगळी सभा ओरडली.

आबासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. माणसं वाचणाऱ्या मला त्या चेहऱ्यावरचं एक अक्षर लागेना. एकीकडं तालुक्यातला सर्वात दणकट आवाज, दुसरीकडं चेअरमनपद. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"लाव," ते म्हणाले.

मग त्या गांधीलमाशीच्या आवाजात त्यांनी शेवटच्या मळ्याला पाण्याची पाळी कशी देणार, विड्याच्या पानांच्या करंड्या बाजारात न्यायला मोटार कुठली लावणार, सगळं सांगितलं. आधी लोक हसले, मग ऐकायला लागले, मग माना डोलवायला लागले. शेवटी मतासाठी हात वर करायला सांगितलं तर कुंपणापर्यंत हातच हात!

आबासाहेब हारासकट माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"जोतीराम, त्या म्हाताऱ्याला समदं कळलं?"

"शबूद न् शबूद, आबासाहेब."

"मग बगतोस काय? सुपारी आना रं कुनीतरी!"

"आनाय कशाला पायजे?" गोजरबाईंनी कमरेच्या चंचीतून सुपारी काढली. "घेऊनच आलीया."

"आगुदरच?" आबासाहेब थबकले.

"बारामतीच्या बाजारात ठमाबाईंचं नि माजं कवाच ठरलंय. द्वारकीला बी इचारलं, ती व्हय म्हनली. तुमास्नी सांगायचं तेवढं राह्यलं हुतं."

चेअरमनांनी गांधीलमाशीच्याच आवाजात अडकित्ता मागितला.

सुपारी फुटली. मी आईला बाजूला घेतलं. "ठरलं होतं, तर मला का सांगितलं न्हाईस? तीन आठवडे माझं रक्त आटलं!"

"सांगनार हुते रं," आई म्हणाली. "पर तू तीन आठवडं गप येका जागी बसून काम करत हुतास. म्हनलं, हाय तवर चालू दे!"